मिरची पडण्याआधीची वाटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘मुलांचं खाणं’ या विषयावर बोलाल का, अशी विचारणा आकाशवाणीकडून झाली तेव्हा मी जरा घाबरलोच. कविता वाचायला बोलावलं असतं तर लगेच होकार दिला असता. आहारशास्त्र मला येत नाही. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. मासवणला आमचं किराणा मालाचं दुकान आहे आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी कविता लिहितो, एवढीच माझी ओळख. पण मग वाटलं, या विषयावर डॉक्टर बोलतात, शिक्षक बोलतात, दुकानदार मात्र कधी बोलत नाही. आणि मुलांच्या हातात जे चकचकीत पाकीट असतं ते विकलेलं असतं आमच्यापैकीच कुणीतरी.

मासवण म्हणजे पालघरहून मनोरकडे जाताना सूर्या नदीच्या काठी लागणारं गाव. या नदीचं पाणी इथून उचलून वसई-विरारकडे नेतात. एका बाजूला पालघर, दुसऱ्या बाजूला बोईसर-तारापूरचे कारखाने आणि मध्ये आमचे पाडे. दुकानावर वारली, आगरी, कुणबी, मुसलमान सगळेच येतात. रस्ता ओलांडला की समोर शाळा, आणि शाळेला लागूनच अंगणवाडी.

माझ्या वडिलांच्या वेळी दुकानात फळीवर काचेच्या बरण्या असायच्या. चणे, शेंगदाणे, गूळ, लिमलेटच्या गोळ्या. पोरानं नाणं दिलं की कागदाच्या पुडीत मूठभर चणे मिळायचे. आता बरण्या गेल्या आणि माळा आल्या. पाच रुपयांचं पाकीट, दहा रुपयांचं पाकीट, एकाखाली एक जोडलेलं. या माळा किती उंचीवर टांगायच्या हे मी ठरवलं नव्हतं. माल घेऊन येणाऱ्या पोऱ्यानं पहिला खिळा स्वतः ठोकला आणि म्हणाला, “चाचा, खाली ठेवा. मुलांचा हात पोचला पाहिजे.” मी हसलो आणि तो खिळा तसाच राहू दिला.

खाण्याच्या पदार्थांसंबंधी २०२० साली केंद्राचा एक नियम झाला आणि जुलै २०२१ पासून तो लागू झाला. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकायचे नाहीत, असं त्यात आहे. ही बातमी पेपरात वाचली त्या दिवशी दुकान बंद केल्यावर मी टेप काढून अंतर मोजलं. फाटकापासून माझा गल्ला सव्वीस मीटर भरला. टेप गुंडाळून खणात ठेवली. कुणी विचारायला आलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

आता या विषयावर बोलताना माणूस हमखास म्हणतो की आमच्या वेळी काय घरचं सकस अन्न होतं! मला तसं म्हणवत नाही. आमच्या लहानपणी पावसाळ्यात, श्रावणाच्या आगेमागे, पाड्यावरच्या कणग्या रिकाम्या व्हायच्या. माझ्याबरोबर शाळेत येणारी वारली मुलं त्या दिवसांत नुसती पेज पिऊन यायची. आमच्या घरीही सणावाराखेरीज अंड्याला हात लावायची मुभा नसे. तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं म्हणणारा माणूस बहुधा पोटभर जेवलेल्या घरातला असतो.

पण एक गोष्ट होती. लहान मुलासाठी वेगळं खाणं असतं ही कल्पनाच आमच्या आईला नव्हती. चुलीवर कालवण रटरटायला लागलं की मिरची घालण्याआधी ती पळीनं एक वाटी बाजूला काढायची. ती धाकट्याची. उडदाचं वरण असो, सातपाटीहून टोपली घेऊन येणाऱ्या मावशीकडचा सुका जवळा असो, पहिल्या पावसानंतर शेजारची वारलीण आणून द्यायची ती शेवळाची भाजी असो, सगळ्यातून आधी ती वाटी निघायची. (शेवळ खाजरं असतं, ते काकडाच्या फळांबरोबर शिजवावं लागतं. आईला हे त्या शेजारणीनंच शिकवलं.) तांदळाची नाहीतर नागलीची भाकरी त्यात कुस्करायची आणि भरवायचं. पोर जरा मोठं झालं की वाटीत चिमूटभर मिरची पडायची, मग आणखी थोडी. असं करत करत ते मोठ्यांच्या ताटापर्यंत यायचं. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. आईला मिलिग्रॅम ठाऊक नव्हते. बाजूला काढायची वाटी ठाऊक होती.

हे सगळं मला आठवायला एक संप व्हावा लागला.

४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरच्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. मानधन वाढावं, ग्रॅच्युइटी मिळावी, निवृत्तिवेतन मिळावं अशा त्यांच्या मागण्या होत्या आणि त्या रास्त होत्या. संप जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला. सात आठवडे समोरच्या अंगणवाडीला कुलूप होतं. इतर वेळी साडेअकराच्या सुमाराला तिथून खिचडीचा नाहीतर उसळीचा वास रस्ता ओलांडून माझ्या गल्ल्यापर्यंत यायचा. तो बंद झाला. आणि त्याच वेळेला पोरं माझ्याकडे यायला लागली. तीन, चार, पाच वर्षांची. मुठीत पाचाचं नाणं, कधी मोठ्या भावंडाचा हात धरून. “चाचा, पाचवालं.”

महिनाअखेरीला वही तपासली तेव्हा लक्षात आलं की आठवड्याला जेवढ्या माळा संपायच्या त्याच्या दीडपट संपल्या होत्या. दिवाळी नाही, यात्रा नाही आणि विक्री दीडपट! धंदा वाढला की दुकानदाराला आनंद होतो. मलाही झाला, खोटं कशाला बोलू. घाऊक विक्रेत्यानं भेट म्हणून प्लॅस्टिकची एक खुर्चीही दिली. त्याच खुर्चीवर बसून मी समोरचं कुलूप बघत होतो आणि एका दुपारी डोक्यात आलं की त्या बंद दाराआडची कढई आणि माझ्या माळा यांचा सरळ हिशेब आहे. ती कढई चुलीवर चढते तेवढ्या वेळेपुरती माझी माळ उतरत नाही.

त्या पोरांत माझा नातूही होता.

माझी मुलगी बोईसरला एका कंपनीत पॅकिंगच्या कामावर जाते. जावई कुवेतला. नातू तेव्हा साडेचार वर्षांचा, दिवसभर आमच्याकडेच. इतर पोरांना निदान पाच रुपये लागत. हा तर दुकानदाराचा नातू, हात वर केला की पाकीट. सकाळी कोऱ्या चहात बुडवून ग्लुकोजची बिस्किटं, अकराला एक पाकीट, दुपारी तो हातपाय आपटायचा म्हणून त्याची आजी दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया करून द्यायची, संध्याकाळी पुन्हा पाकीट. रात्री जेवायला बसायच्या आत झोपलेला. आम्हाला वाटायचं, खातो तर आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला पालघरला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. संडासला होत नव्हतं, पोट फुगलेलं, चेहरा पांढुरका. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठाच्या घरात. या वयाला ते निदान अकरा तरी हवं. डॉक्टरांनी विचारलं, “घरी काय शिजतं?” मी मोठ्या अभिमानानं यादी सांगितली. भात, वरण, भाकरी, पालेभाजी, आठवड्यातून तीनदा मासळी. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “छान. आणि यातलं हा काय खातो?”

मी गप्प बसलो. त्याची आजी बाहेर बघायला लागली.

ते डॉक्टर बोलले थोडंच, पण दोन गोष्टी त्यांनी समजावून दिल्या. एक म्हणजे चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, तेव्हा जेवणाच्या आगेमागे मुलाला चहा द्यायचाच नाही. आमच्या भागात तर कितीतरी घरांत चहा-बिस्किट हाच मुलांचा नाश्ता असतो. दुसरी म्हणजे पाकिटातला मैदा, तेल आणि मीठ पोट भरतं, भूक मारतं, पण रक्त करत नाही. लोहाचं औषध त्यांनी लिहून दिलं, ते आम्ही नेमानं दिलं. नुसत्या भाकरीनं रक्त भरलं असं मी सांगणार नाही.

माझ्या नातवाची गोष्ट काही जगावेगळी नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे पस्तीस मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली आणि शंभरातल्या सुमारे एकोणसत्तर मुलांत रक्त कमी आढळलं. यात उपाशी घरं आहेत तशी माझ्यासारखी भरल्या घरचीही असणारच. १९९२ साली आमच्याच डोंगरपट्ट्यातल्या वावर-वांगणीला पोरं गेली तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. ती कुपोषणाची गोष्ट आमच्या मनात पक्की बसली आहे. पण हातात पाकीट असलेलं, पोट भरलेलं मूल कुपोषित असू शकतं हे आमच्या मनाला अजून पटत नाही. मला तरी पटलं नव्हतं.

संप मिटला होता, अंगणवाडी पुन्हा सुरू झाली होती. मी पहिल्यांदाच आत जाऊन बघितलं. वीस-पंचवीस मुलं मांडी घालून बसलेली, पुढ्यात ताटल्या. आणि आमचे चिरंजीव, जे घरी वरणभाताला हात लावत नव्हते, ते शेजारच्या पोराच्या ताटलीकडे बघत बघत खिचडी खात होते. मी खिडकीतून बघतोय हे कळल्यावर खायचं थांबले. तेव्हा मी आपला दुकानात परत आलो.

अंगणवाडी या शब्दाबद्दल मला एक सांगावंसं वाटतं, कारण तो आमच्या मुलखातला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात नेऊ, हा त्यांचा विचार. तिथून हा शब्द निघाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे हा शब्द देशभर गेला. बोर्डी-कोसबाड आमच्यापासून गाडीनं तास-दीड तासावर, पण मासवणच्या किती जणांना हे ठाऊक आहे कोण जाणे.

या अंगणात शिजलेलं अन्न असावं की बंद पुडा, यावर आपल्या देशात बरीच खेचाखेच झालेली आहे. सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलं जेवण द्या. २००४ साली सांगितलं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत. तरीही २००७ च्या अखेरीला बिस्किटं बनवणाऱ्यांच्या संघटनेनं खासदारांना पत्रं लिहिली की शाळेत शिजवण्याऐवजी बिस्किटांचे पुडे द्यावेत. काही खासदारांनी ती मागणी पुढेही पाठवली. सुदैवानं ती मान्य झाली नाही. दुकानदार म्हणून मला त्या पत्रांची भाषा न वाचताही कळते. पुडा नासत नाही, मोजायला सोपा, त्याला जळण लागत नाही, मदतनीस लागत नाही. खिचडीला या सगळ्या गोष्टी लागतात. पण कढईभोवती मुलं बसतात, पुड्याभोवती कुणी बसत नाही.

ब्राझीलचं उदाहरण अलीकडे वाचनात आलं. तिथं २००९ साली कायदा करून शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला निदान तीस टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावर खर्च करायचा असं ठरवलं. आमच्याकडे सूर्येच्या काठी भाजी पिकते आणि ट्रकनं शहरात जाते. अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला आठ रुपये, हा दर २०१७ साली ठरला. आठ रुपयांत डाळ, तांदूळ, तेल, भाजी. माझ्याकडची दोन छोटी पाकिटं घ्यायची तर दहा लागतात.

आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी मिळतात. या योजनेला डॉ. अब्दुल कलामांचं नाव आहे. अंड्याच्या दिवशी समोर हजेरी किती असते ते मी इथून मोजू शकतो. अंडी माझ्याकडूनही जातात, तो धंदा मला बरा वाटतो. भाव चढले की बाई माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघतो, आणि काहीतरी जमवतो.

आता नातवाचं सांगतो. पाकिटं बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस त्यानं घर डोक्यावर घेतलं. शेजारी विचारायला आले की पोराला मारता की काय. पत्नी म्हणाली, “आधी त्याला दुकानातून उठवा आणि त्या माळा आत न्या. डोळ्यांसमोर ठेवायचं आणि नको म्हणायचं, हे मोठ्या माणसालासुद्धा जमत नाही.” खरं होतं. मी माळा आत नेल्या. कोणताही नवा पदार्थ मुलानं स्वीकारायला तो आठ-दहा वेळा पुढ्यात यावा लागतो असं म्हणतात. आमच्याकडे दुधी पंधरा वेळा आला आणि अजून स्वीकारलेला नाही.

गाडी रुळावर आली ती रमजानमध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये रोजे सुरू झाले. संध्याकाळी दस्तरखान मांडला की घरचे सगळे एकत्र बसायचे, मुलगीही कामावरून पोचलेली असायची. खजूर, फळं, घरची भजी, मग डाळ-भात नाहीतर खिचडा. सगळ्यांचे हात ताटात आणि हे पोर एकटंच रिकामं, हे त्याला सहन होईना. चौथ्या की पाचव्या दिवशी तो सरकत सरकत आजीच्या मांडीशी आला. तिनं त्याच्यासाठी डाळीची वाटी काढूनच ठेवली होती, मिरची पडण्याआधीची. काही न बोलता पुढे सरकवली. आम्ही कुणीच तिकडे बघितलं नाही. कविसंमेलनात दाद मिळते तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं. उन्हाळ्याच्या अखेरीला रक्त पुन्हा तपासलं तेव्हा आकडा दहाच्या पुढे गेला होता.

माळा आत गेल्यावर दुकानाच्या दारात पुन्हा बरण्या मांडल्या. भाजलेले चणे, शेंगदाणे, गुळाची चिक्की. विकलं जातं, पण माळेइतकं नाही, आणि नाक्यावरच्या दुसऱ्या टपरीला माझी गिऱ्हाइकं मिळाली हेही सांगितलं पाहिजे. पाकिटं मी पूर्ण बंद केलेली नाहीत. खोक्यात, गल्ल्याखाली असतात. ती का, ते सांगतो.

पाड्यावरची एक बाई आहे, बोईसरच्या कंपनीत जाते. सकाळी सहाला तिची गाडी येते. ती आदल्या रात्रीच पाकिटं घेऊन ठेवायची. मी एकदा शहाणपणा करायला गेलो, म्हटलं, “अगं, पोराला भाकरी करून ठेवत जा.” ती म्हणाली, “चाचा, भाकरी ठेवते. पण सासूला दिसत नाही. तो भाकरी गरम करायला म्हणून चुलीशी गेला तर? पाकीट फोडायला विस्तव लागत नाही.”

मला उत्तर देता आलं नाही. आयांनी आळस सोडावा असं भाषण करणाऱ्यांनी एकदा सकाळी सहाला मासवणच्या फाट्यावर उभं राहून बघावं. त्या बाया चारला उठलेल्या असतात. घरचं अन्न म्हणताना ‘घरी कोण असतं’ हे आपण विचारत नाही. म्हणून तर ती समोरची कढई मला एवढी मोलाची वाटते. तिच्या पोराला ती दिवसातून एकदा तरी पुरते.

फक्त रविवारी पुरत नाही. रविवारी अंगणवाडीला सुट्टी असते आणि तिच्या कंपनीत बरेचदा काम चालू असतं. मग साडेअकराच्या सुमाराला तो आमच्या दारात येऊन उभा राहतो, धाकट्या बहिणीला घेऊन. पत्नी त्या दिवशी आमटीत मिरची घालण्याआधी तीन वाट्या काढते.